मेंदूला टिचकी मारून गुंतागुंत मोजणारे लोक

खूप सारे भाग एकमेकांवर परिणाम करत असतील तर त्या सगळ्याची गुंतागुंत आकड्यात सांगता येते का, या प्रश्नाने मला सध्या झपाटलंय. जितके भाग जास्त तितकी गुंतागुंत जास्त, हे उत्तर लगेच बाद होतं. मेंदूतली गुंतागुंत आणि जाणीव यांचा संबंध असतो असं धरून बघा: आपल्या मेंदूत साधारण ८६०० कोटी न्यूरॉन्स म्हणजे चेतापेशी, त्यातले जवळजवळ ६९०० कोटी मागच्या लहान मेंदूत, आणि तरी काही जण लहान मेंदूशिवायच जन्माला येतात, त्यांना चालताबोलताना त्रास होतो पण जाणीव शाबूत असते!

मग रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की एखादी गोष्ट जितक्या छोट्या प्रोग्रॅममधून पुन्हा तयार करता येते तितकी ती साधी. झिप फाईलसारखंच जवळपास, सारखं सारखं येणारं असेल तर फाईल छोटी होते. पण मग निव्वळ रँडम खरखर सगळ्यात गुंतागुंतीची ठरते, कारण ती दाबताच येत नाही, आणि हे मनाला अजिबात पटत नाही.

यावर मिलानचे मेंदूशास्त्रज्ञ मार्चेल्लो मासिमिनी यांच्या टीमने २०१३ मध्ये जे केलं ते मला फार म्हणजे फारच आवडतं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं त्यांनी डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय झटका दिला, ईईजीवर (डोक्याला तारा लावून मेंदूतली विजेची हालचाल टिपतात ते) उमटलेला प्रतिसाद घेतला, त्यातली नेहमीची खरखर वजा केली आणि उरलेलं झिपसारखं कॉम्प्रेस केलं. ते जितकं कमी दाबलं जातं तितका गुंतागुंतीचा आकडा मोठा. गाढ झोपेत प्रतिसाद जागच्या जागी विरतो किंवा सगळीकडे एकाच साच्यात पसरतो, दोन्हीकडे आकडा खाली. जागेपणी तो लांबवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा उमटतो, म्हणजे भाग जोडलेलेही हवेत आणि वेगवेगळेही, तेव्हाच आकडा चढतो. केटामिन हे भुलीचं औषध दिलेला माणूस हाक मारली तरी ओ देत नाही पण नंतर स्वप्नं सांगतो, आणि त्याचाही आकडा वरच राहतो.

२०१६ च्या अभ्यासात, ज्यांच्यात तपासणीत जाणिवेची काहीच खूण सापडली नव्हती अशा ४३ पेशंटपैकी ९ जणांचा आकडा शुद्धीतल्या माणसांएवढा आला. हे वाचल्यापासून मला वाटतं की अशा पेशंटच्या घरच्यांना "काही समजत नाही त्यांना" असं सांगण्याआधी ही तपासणी व्हायलाच हवी, आणि तोपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायला हवं, नाव घेऊन, रोज.