पांगाऱ्यापासून ब्राउनिंगपर्यंत : आमची वाटचाल

सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांबद्दल मी नव्याने काही सांगायला नको. आमचे बाबा पांगाऱ्याच्या लाकडाची फळं करायचे. आंबे, फणस, केळीचा घड, सगळं इतकं हुबेहूब की पाहुण्यांची पोरं हात घालायची. त्यात पोट भरत होतं, शिल्लक पडत नव्हती. आज आम्ही नाटक, मालिका आणि सिनेमांसाठी बंदुका करतो, आणि त्याहून जास्त वेळ बंदुका ओळखण्यात जातो. पडद्यावर दिसते ती मुळात कुठली, कुठल्या सालची, कोणाच्या हातात शोभणारी, हे कळल्याशिवाय आमच्याकडे लाकडाला करवत लागत नाही.

पहिली ऑर्डर कुडाळच्या एका मास्तरांची. ते दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेला नाटक बसवायचे. १९९६ साली त्यांना बेचाळीसच्या चळवळीवरच्या नाटकासाठी चार रायफली हव्या होत्या. बाबांनी चार दिवसांत करून दिल्या. पांगारा हलका, रायफल दोन बोटांवर तोलायची, आणि तिथेच चुकलं. शिपाई झालेली पोरं ती छत्रीसारखी फिरवत होती. प्रयोग संपल्यावर एक उंच गृहस्थ रंगपटात आले. फौजेच्या ईएमई विभागातून आर्मोरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे, म्हणून निवृत्त झालेले हवालदार. त्यांनी एक रायफल उचलली, उलटी केली आणि बाबांना विचारलं, "हेचा मॅगझिन खंय? गोळी काय आभाळातसून पडतली?"

बाबांना राग आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हवालदार, पुढे आमचे काका, कारखान्यात हजर, आणि मग एकोणीस वर्षं येत राहिले. भागीदारीचा कागद आमच्यात कधी झाला नाही. नफ्यातला चौथा हिस्सा दर दिवाळीला त्यांच्या घरी पोचत होता.

काकांनी पहिली गोष्ट शिकवली ती वजनाची. खरी थ्री नॉट थ्री जवळपास चार किलोची असते. ती खांद्याला लावून उभा राहिलेला माणूस वेगळाच उभा राहतो, तो अभिनय शिकवून येत नाही. म्हणून आम्ही शिवणीच्या लाकडात आतून लोखंडी सळी घालायला लागलो. दुसरी गोष्ट दस्त्याची. त्याला व्हार्निश मारायचं नाही, अळशीचं तेल फडक्याने चोळायचं, चार दिवस सुकू द्यायचं, परत चोळायचं. फौजेत तसंच करतात. लोखंड दिसायचा भाग काळा रंगवून, वाळल्यावर त्यावर ग्रॅफाइटची पूड अंगठ्याने घासायची. जिथे हात लागतो, जिथे म्यानाची कड घासते, तिथे जास्त. काकांचा उजवा अंगठा कायम शिशासारखा चमकायचा.

आणि त्यांची वही. दोनशे पानी, लांबट. उजव्या पानावर एकेका बंदुकीचं पेन्सिलीने काढलेलं बाजूचं चित्र, मापांसकट. त्याच पानाच्या पाठीवर साल, कारखाना, कुठल्या फौजेकडे होती. साल पाठीवर का, असं मी एकदा विचारलं होतं. आधी डोळ्यांनी ओळख, मग उलट, असं त्यांचं म्हणणं.

ओळखण्याची नजर म्हणजे काय ते मला एका रात्री कळलं. मास्तरांच्या घरी व्हिडिओवर स्टार वॉर्स लावला होता, १९७७ चा. पांढऱ्या चिलखतातले सैनिक बंदुका घेऊन धावत आले आणि काका खुर्चीतून उठून थेट टीव्हीपाशी गेले. "अरे, ही आमची कार्बाइन!" आम्हाला वाटलं थट्टा. पण खरंच ती स्टर्लिंग होती, इंग्रजांची सबमशीनगन. तीच आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनायची. फौजेत आणि पोलिसांत तिला नुसतं कार्बाइन म्हणतात. काकांनी अशा शेकडो उघडून, पुसून, परत जोडलेल्या. सिनेमावाल्यांनी मॅगझिन आखूड केलं, वर दुर्बीण बसवली, नळीच्या भोकाभोकांच्या आवरणावर पट्ट्या चिकटवल्या. पण मॅगझिन डाव्या अंगाला बाहेर निघतं ते कुठे लपवणार? त्याच सिनेमातल्या नायकाचं पिस्तूल म्हणजे माउझर सी ९६. मॅगझिन चापाच्या पुढे आणि मूठ गोल दांड्यासारखी, म्हणजे झाली ओळख. पुढे एलियन्स सिनेमातल्या भविष्यातल्या रायफलीच्या पोटात आम्हाला दुसऱ्या महायुद्धातली थॉम्पसन सबमशीनगन सापडली. हॉलिवूडने तर एके काळी मागून काडतूस घालायच्या स्प्रिंगफील्ड रायफली वरून सजवून, गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या जुन्या बंदुका म्हणून कितीतरी सिनेमांत खपवल्या.

जाहिरातीच्या चित्रावर कधी विसंबू नये हेही तेव्हाच शिकलो. शॉन कॉनरीचा बाँड पोस्टरवर लांब नळीचं पिस्तूल छातीशी धरून उभा आहे, ते बाँडचं वॉल्थर पीपीके नाहीच. फोटोच्या दिवशी पीपीके कोणी आणलं नाही, म्हणून फोटोग्राफरचं स्वतःचं छऱ्याचं पिस्तूल, वॉल्थर एलपी ५३, त्याच्या हातात दिलं. आजही आमच्याकडे लोक ते पोस्टर घेऊन येतात आणि "बाँडचं करून द्या" म्हणतात. मी आधी समजावतो, मग दर सांगतो.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली. शेड वाढवली, फायबर आणि रेझिनचं काम सुरू केलं, बाबा गेले.

आता २०१३. हे लिहिताना अजून हात जड होतो, पण लिहिल्याशिवाय वाटचाल पुरी होणार नाही.

आमच्याकडे एक पोरगा सोळाव्या वर्षी कामाला लागला होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरी लहान मुलं आहेत. कानस कशी धरावी इथपासून त्याला आम्ही शिकवलं. हात चांगला होता, हे आजही मान्य करतो. त्या वर्षी मुंबईच्या एका निर्मिती संस्थेकडून क्रांतिकारकांवरच्या मालिकेसाठी ६२ नगांची ऑर्डर आली. इतकी मोठी ऑर्डर आम्ही कधी पाहिली नव्हती. हातात विसारापोटी २० टक्के पडले. उरलेलं माल पोचल्यावर, आणि सगळं बोलणं फोनवर. मी बायकोचे दागिने पतसंस्थेत ठेवून साडेतीन लाख उचलले. सिलिकॉन आणलं, रेझिनचे कॅन आणले. आणि आमचा पाऊस! ज्याने कोकणात आषाढात रेझिन ओतलं आहे त्यालाच ते दुःख कळेल. हवेतलं पाणी रेझिनला चिकटतं, पृष्ठभागावर फेस धरतो, नग वाया. आम्ही कपाटात शंभराचे बल्ब लावून साचे शेकत होतो. रात्री दोनदा उठून बघायचं. असे ३८ नग तयार झाले.

गोकुळाष्टमीच्या आधी पोरगा म्हणाला, आई आजारी आहे, सुट्टी हवी. मी वर शंभराच्या पाच नोटा दिल्या. पंधरा दिवसांनी मुंबईहून फोन, काम थांबवा. तोच माल निम्म्या दरात मिळतोय.

मालिका लागली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. दुसऱ्याच भागात शिपायाच्या खांद्यावरची रायफल जवळून दाखवली. आमच्या थ्री नॉट थ्रीच्या मूळ नगावर नेम धरायच्या मागच्या माशीच्या डाव्या बाजूला माझ्या पटाशीची एक चीर पडली होती. भाताच्या दाण्याएवढी, तिरकी. साच्यात ती उतरायची, मग प्रत्येक नगावर भरून घ्यावी लागायची. सुट्टीवर गेलेल्या आमच्या पोराने ती भरली नव्हती. साऱ्या महाराष्ट्राला माझ्या पटाशीची चीर दिसत होती आणि ती माझी आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. वकिलांनी विचारलं, ऑर्डर लेखी आहे? मूळ नगाची नोंद आहे? कशाचाच कागद नव्हता.

पण माझ्या मनात जास्त सलतं ते पुढचं. नाशिकचा प्रसंग आला. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, कलेक्टर जॅक्सन. अनंत कान्हेरे म्हणजे आपल्या खेड तालुक्यातल्या आयनीचा पोरगा. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्यासोबत २० ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली, त्यांतल्या पिस्तुलाने त्याने गोळ्या झाडल्या, आणि ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. त्या पोराच्या हातात पडद्यावर काय होतं? कोल्ट १९११. ज्या पिस्तुलाच्या नावातच दोन वर्षांनंतरचं साल आहे, ते.

आमच्या त्या कारागीर पोराने काकांच्या वहीच्या झेरॉक्स काढून नेल्या होत्या, हे नंतर झेरॉक्सवाल्याकडूनच कळलं. फक्त चित्रांची बाजू. पाठीमागची पानं सोडली, पैसे वाचवायला. काकांनी त्या चित्राखाली नुसतं "कोल्ट .४५" लिहिलं होतं. काका त्या वेळी ऐंशीला टेकलेले. त्यांनी भाग पुरा पाहिला, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "पाठचां पान वाचूक नाय तेना." त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढचे सात महिने कारखान्याला जवळपास कुलूपच होतं. ३८ नग पोत्यात गुंडाळून माळ्यावर. पतसंस्थेचा माणूस दर महिन्याला दारात. मी शेड विकायला काढली होती.

तेव्हा मास्तर आले. निवृत्त झाले होते, पण नाटक सुटलं नव्हतं. कान्हेऱ्यावर एकांकिका बसवत होते. त्यांनी एक पिस्तूल सांगितलं. एकच. चार हजार रुपये पेन्शनमधून रोख मोजले, पूर्ण आगाऊ. वर म्हणाले, "दर विचारत नाही. १९०९ साली असू शकेल तेच दे."

काकांनी वही उघडून ब्राउनिंगचं १९०० चं मॉडेल दाखवलं. पावणेसात इंच. मागे अंगठ्याने ओढायचा घोडा बाहेरून दिसतच नाही. याची खरी खूण तोंडाशी आहे. बाकीच्या पिस्तुलांत नळी वर असते, इथे नळी खाली आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंगचं घर. म्हणून पुढून बघितलं की दोन मजले दिसतात. मी सागवानात मूळ नग केला. तीन वेळा केला, कारण वरच्या मजल्याची जाडी दोन मिलिमीटरने जास्त येत होती आणि काका व्हर्नियर लावून मान हलवायचे. चौथ्या वेळी त्यांनी नग हातात घेतला, अंगठ्याने मागे घोडा चाचपला, नाही मिळाला, आणि हसले.

त्या एकांकिकेनंतर एका कलादिग्दर्शक ताईंनी रंगपटात ते पिस्तूल उचलून कोणी केलं म्हणून विचारलं. त्यांनी पहिलं काम दिलं ते बंदूक करायचं नव्हे, ओळखायचं. पटकथा आणि संदर्भाचे फोटो पाठवले, प्रत्येक प्रसंगात कुठली बंदूक शक्य आहे ते लिहून मागितलं. तिथून आमचं ओळखपत्रक सुरू झालं. आज निम्मं उत्पन्न त्याचं आहे. दागिने २०१७ साली सुटले. काका ते पाहायला नव्हते.

नवीन मुलं विचारतात म्हणून नव्हे, पण सांगतो. ऑर्डर लेखी घ्या, विसार निम्मा घ्या, आणि मूळ नगावर पोटात कुठेतरी आपली खूण कोरून तिचा तारखेसह फोटो काढून ठेवा. नळी भरीवच ठेवा, गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी आरपार भोक पाडू नका. नकली हत्यार खरं करायला परवाना लागतो, तो १९५९ चा कायदा एकदा बसून वाचा. टेम्पोत माल उघडा नेऊ नका, चलन आणि निर्मात्याचं पत्र ड्रायव्हरच्या खिशात हवं. आचारसंहितेच्या काळात तर आमच्याकडे शेतीसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकासुद्धा पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा नाक्यावरच्या माणसाने तुमचा टेम्पो अडवला तर त्याचं काही चुकत नाही. लग्नाच्या मिरवणुकीसाठी, रील बनवायला, खाजगी माणसाला नग विकू नका. आणि सेटवर नकली असली तरी माणसावर रोखायच्या आधी उघडून दाखवायला लावा. १९९३ साली हॉलिवूडचा नट ब्रँडन ली गेला तो शूटिंगमध्येच. नळीत अडकलेला डमी काडतुसाचा तुकडा कोणी पाहिला नव्हता.

दिग्दर्शकांनाही एक विनंती. चंद्रशेखर आझादांचं पिस्तूल अलाहाबादच्या संग्रहालयात आहे, कोल्ट १९०३. त्याचा घोडा आत झाकलेला असतो. नटाला अंगठ्याने घोडा ओढायला लावू नका, तिथे ओढायला काही नाही. स्वातंत्र्यपूर्व काळातल्या शिपायाला रायफल देताना मॅगझिन बघा. चौकोनी, ठोकळ्यासारखं असेल तर ती ईशापूरच्या कारखान्याची २ए१ रायफल, साठच्या दशकातली, ७.६२ मिलिमीटर गोळीची. जुन्या थ्री नॉट थ्रीचं मॅगझिन दहा गोळ्यांचं, खाली तिरकं उतरतं. भाड्याने देणारे दोन्ही एकाच नावाने देतात.

सध्या टेबलावर एका जुन्या सिनेमातला फोटो आहे. कथा १९३० ची, आणि नवीन मालिकेला तशीच रायफल हवी आहे. झाडाआड उभा शिपाई, रायफलीचं फक्त पुढचं टोक दिसतं. टोक बोथट आहे, नळी पुढे निघालेली नाही, म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच पुढे आलेली नंबर ४ रायफल नव्हे. पण बोथट टोक जुन्या थ्री नॉट थ्रीलाही असतं आणि २ए१ लाही. मॅगझिन शिपायाच्या हाताखाली आहे. तो पुढे कुशीला वळतो असं ताई म्हणतात. ती फ्रेम संध्याकाळपर्यंत पाठवायला सांगितली आहे.