तिसऱ्या भागाच्या पुढची वही

आमचं वाचनालय तळोद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी, दोन खोल्या आणि पुढे एक ओटा. मी इथे ग्रंथपाल म्हणून लागले त्याला सात वर्षं झाली आणि या सात वर्षांत तक्रार घेऊन कोणी आलंच तर ते वर्गणीवरून, नाहीतर पेपरची पुरवणी कोणीतरी घरी नेली म्हणून. पुस्तकामुळे पोरगी बिघडली अशी तक्रार कोणी आणली नव्हती. ती दिवाळीनंतरच्या एका सोमवारी आली.

सकाळी साडेनऊची वेळ, मी देवघेवीचं रजिस्टर उघडत होते, तेवढ्यात आमचे एक नेहमीचे वाचक आत आले. केळी आणि पपईची शेती आहे त्यांची, संध्याकाळी पेपर वाचायला येतात, एरवी फार शांत माणूस. त्या दिवशी एका पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली, थोडं लंगडत आले, आणि एक दोनशे पानी वही टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"मॅडम, हाई काय शे? तुम्हीच बघा. पोरगीची बारावी आहे, आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत हे लिहीत बसते."

वहीवर मोठ्या अक्षरात 'फिजिक्स' लिहिलेलं. पहिली तीसेक पानं खरंच फिजिक्सची, किर्चहॉफचे नियम वगैरे, आणि मग मधेच एक पान कोरं सोडून पुढच्या पानावर, निळ्या पेनाने दोनदा गिरवून, 'भाग चौथा'.

मला लगेच कळलं कशाचा भाग चौथा ते.

मागच्या वर्षी गावातल्या एका निवृत्त सरांच्या मुलाने पुण्याला जाताना दोन खोके पुस्तकं दिली होती, त्यात कॅसांड्रा क्लेअरच्या 'द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स'चे पहिले तीन भाग निघाले. मीच ते दाखल नोंदवहीत चढवले, मीच त्यांना पाठीवर नंबर चिकटवले. जूनमध्ये ही मुलगी पहिला भाग घेऊन गेली. मराठी माध्यमातून शिकलेली पोरगी, इंग्रजी कादंबरी कधी हातात न घेतलेली, तर ती डिक्शनरी पण सोबत घेऊन गेली आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यासाठी आली, मग आठ दिवसांत तिसऱ्यासाठी. तिसरा तिने तीनदा नूतनीकरण करून ठेवला होता आणि मी करू दिलं, कारण दुसरं कोणी मागतच नव्हतं.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमधली क्लेरी नावाची पंधरा वर्षांची मुलगी, तिला एक दिवस बाकीच्यांना न दिसणारी माणसं दिसायला लागतात. ते शॅडोहंटर, म्हणजे अंगावर रून नावाच्या खुणा काढून दैत्यांशी लढणारे लोक, आणि त्याच शहरात व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, चेटके सगळे आपल्यासारखेच घर भाड्याने घेऊन राहतात. 2007, 2008, 2009 असे ओळीने तीन भाग आले आणि गोष्ट तिथे संपली. खरंच संपली. खलनायक व्हॅलेंटाइन मरतो, क्लेरी ज्याच्या प्रेमात आहे तो शॅडोहंटर जेस आणि ती भाऊबहीण आहेत हा जीवघेणा गुंता सुटतो, युद्ध जिंकतात. आपल्या कहाणीत म्हणतात ना, साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण, अगदी तसं.

आणि मग 2011 मध्ये चौथा भाग आला.

मी तेव्हा नाशिकला होस्टेलवर होते. रूममेटकडून घेऊन तिन्ही भाग मी वाचून काढले होते, तिसरा संपल्यावर रडले होते, आणि चौथा आला तसा दोघींनी अर्धे-अर्धे पैसे घालून विकत घेतला. आणि मला इतका राग आला की काय सांगू. कारण सगळं सुफळ संपूर्ण झालेलं असताना पुढे गोष्ट चालवायची तर जे जुळलंय ते पुन्हा तोडावं लागतं, त्याशिवाय पानं भरत नाहीत. मग जेसला स्वप्नं पडायला लागतात की तो क्लेरीला मारतोय, म्हणून तो तिच्यापासून लांब लांब राहतो, आणि तिसऱ्यात मेलेला सेबॅस्टियन, व्हॅलेंटाइनचा मुलगा, परत येतो. मला तेव्हा वाटलं की आमच्याकडून शेवट काढून घेतला, दिलेली वस्तू परत मागावी तसं. पाचवा 2012 ला आणि सहावा 2014 ला आला, ते मी नंतर वाचले, सहावा तिने चांगलाच आवरलाय हे मी मान्य करते, पण चौथ्याचा राग माझ्या मनात राहिला तो राहिलाच, आणि वाचनालयात ते पुढचे तीन मागवावेत असं मला कधी वाटलं नाही. आणि त्या मुलीलाही मी सांगितलं नव्हतं की पुढचे भाग आहेत. तिने विचारलं नाही, मी बोलले नाही.

तर ती वही. वडील समोर खुर्चीत बसले, मी म्हटलं दादा दोन मिनिटं द्या, वाचू तरी द्या, आणि मी वाचायला लागले.

तिने सायमन उचलला होता. सायमन म्हणजे क्लेरीचा लहानपणापासूनचा मित्र, साधा मुलगा, दुसऱ्या भागात व्हॅम्पायर होतो आणि तिसऱ्यात त्याला वाचवायला क्लेरी त्याच्या कपाळावर केनची खूण काढते. बायबलमधला केन, भावाला मारणारा, त्याला देवाने दिलेली खूण, की याला कोणी मारायचं नाही. म्हणजे तिसरा भाग संपतो तेव्हा सगळे आनंदात आहेत पण हा मुलगा सोळा वर्षांचाच राहणार आहे, मरणार नाही, आणि कपाळावर शाप घेऊन फिरणार आहे. मी तीन भाग किती वेळा वाचले असतील, माझं लक्ष कायम जेस आणि क्लेरीकडे. हिचं लक्ष सायमनकडे गेलं. हिने लिहिलं होतं की सायमनची आई म्हातारी होते, आणि एक दिवस त्याला ओळखत नाही, आणि तो क्लेरीला विचारतो, माझ्यासारखा अजून कोणी आहे का ग, ज्याची गोष्ट संपली पण तो संपला नाही.

आणि क्लेरी त्याला पोर्टलमधून, म्हणजे जादूच्या दारातून, पाठवते अस्तंब्याला.

मी तिथे थांबले. खरंच अंगावर काटा आला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, अस्तंबा म्हणजे आमच्या इथल्या सातपुड्यातलं 1325 मीटर उंचीचं शिखर, धनतेरसला यात्रा सुरू होते, रात्रभर डोंगर चढतात लोक, आणि वर स्थान आहे ते अश्वत्थाम्याचं. महाभारताचं युद्ध अठरा दिवसांत संपलं, पण याचं संपलं नाही. झोपलेल्यांना मारलं म्हणून कपाळावरचा मणी काढून घेतला आणि कृष्णाने शाप दिला की तीन हजार वर्षं जखमा घेऊन एकटा फिरशील. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की तो अजून डोंगरात फिरतो आणि जखमेला लावायला तेल मागतो. आणि इतकी वर्षं इथे राहून, सायमनचं कपाळ आणि अश्वत्थाम्याचं कपाळ मी एकदाही शेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

वडिलांना मी मोठ्याने वाचून दाखवायला लागले, का ते माहीत नाही, मला एकटीने वाचवेना म्हणून असेल.

"पाऊस धो धो पडत होता. सायमन कड्यापाशी पोचला तेव्हा दगडावर एक उंच माणूस बसला होता, त्याच्या कपाळाला चिंधी बांधलेली होती. सायमनने विचारलं, तुला किती वर्षं झाली? तो म्हणाला, मोजायचं सोडलं. तेल आणलंय का?"

पुढे क्लेरी त्याच्या जखमेवर एक नवीन रून काढते. पुस्तकातही क्लेरीला ही देणगी आहे, कुणालाच माहीत नसलेले रून तिला सुचतात. तर हिने तो रून वहीत चितारला होता, पेन्सिलीने, अर्ध्या पानाएवढा: मधे एक टिंब, भोवती चार टिंबं, खाली पायऱ्यापायऱ्याची नक्षी आणि बाजूला दोन छोट्या रेघा. वडिलांनी ते बघितलं आणि वही स्वतःकडे ओढली.

"हे माझ्या मायच्या हातावरलं गोंदण आहे," ते म्हणाले. "ह्या दोन रेघा बाजूला निघालेल्या, ती हलली होती गोंदताना. ती गेली तेव्हा ही पाचवीला होती."

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. बोट फिरवत होते त्या चित्रावरून. मी पंखा बंद केला, पानं उडत होती म्हणून. आणि मग एकदम म्हणाले, "पण हे चुकलंय."

"काय चुकलं?"

"पाऊस. धनतेरसला पाऊस कुठे असतो वर? थंडी असते. दव पडतं एवढं की गवतावरून पाय सरकतो." त्यांनी अंगठा दाखवला. "हे काय आठ दिवसापूर्वीचंच. आणि तो नुसतं तेल नाही मागत, वाट चुकलेल्याला वाट पण दाखवतो. आमचे वडील सांगायचे. ते लिहिलंच नाही तिने."

मी त्यांना एक गोष्ट सांगितली, कारण मला वाटलं की ती त्यांना माहीत असायला हवी. ही मूळ पुस्तकं लिहिणारी बाई, ती सुद्धा आधी हेच करायची, हॅरी पॉटर वाचून त्याच्या पुढच्या स्वतःच्या गोष्टी लिहायची आणि इंटरनेटवर टाकायची, तिथेच तिचा हात बसला. होम्सला त्याच्या लेखकाने 1893 ला धबधब्यात टाकून संपवलं तरी 1903 ला परत आणावं लागलं, वाचक ऐकेचनात. आणि महाभारत तरी काय, जनमेजय विचारतोय आणि वैशंपायन सांगतायत, म्हणजे ऐकणाऱ्याने पुढचं मागितलं म्हणून तर गोष्ट आपल्यापर्यंत आली. हे बोलता बोलता माझं मलाच जाणवलं की मी इतकी वर्षं चौथ्या भागावर ज्या कारणाने चिडून आहे ते कारण काही फार बरोबर नाही. शेवट झाल्यावर कोणीतरी मागे राहिलेलं असतंच. पुढे लिहायचं तर त्याच्यासाठी लिहावं. चौथ्या भागातही सायमन आहे, भरपूर आहे, ती खूण पण आहे, पण मी वाचताना जेस आणि क्लेरीचं काय केलं एवढंच बघत होते.

वडील म्हणाले, "ते सगळं ठीक आहे मॅडम, पण फेब्रुवारीत पेपर आहेत." आणि हे त्यांचं अगदी बरोबर होतं. त्यांनी वही मला दिली, "घरी ठेवली तर ती शोधून काढेल. तुमच्या कपाटात ठेवा परीक्षेपर्यंत, कुलूप लावा." मी शब्द दिला आणि त्यांच्यासमोर कुलूप लावलं.

संध्याकाळी ती आली. क्लासवरून सरळ, सॅक पाठीवरच. तिला घरी कळलेलं होतं वही कुठे आहे ते.

"मॅडम, पाच मिनिटं द्या फक्त. एक वाक्य बदलायचंय."

मी म्हटलं, नाही देता येणार, मी पप्पांना शब्द दिलाय. तिचे डोळे भरले, पण रडली नाही, तिसरा भाग सॅकमधून काढून टेबलावर ठेवला, म्हणजे आता हेही परत घ्या असं. आणि मला वाटलं की आता तरी खरं सांगायला हवं, नाहीतर उद्या कोणत्यातरी मोबाईलवर तिला दिसेल आणि मी लपवलं असं होईल. मी सांगितलं. की याच्या पुढे तीन भाग आहेत, त्याच बाईने लिहिलेले, चौथा 2011 लाच आला, आणि मला माहीत होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "त्यात सायमनचं काय होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला. "नको. नका सांगू." थोडं थांबून, "तुम्ही मागवणार आहात का ते?"

मी म्हटलं, अनुदानाचा पुढचा हप्ता आला की खरेदीच्या यादीत घालते.

"घाला. पण आले तरी माझं होईपर्यंत मला देऊ नका. मी मागितलं तरी नका देऊ."

मी हो म्हटलं. आता त्या कपाटाच्या किल्लीवर दोघांना दिलेले दोन शब्द. तिसऱ्या भागावर मी पुन्हा तारखेचा शिक्का मारून तो तिच्याकडे सरकवला आणि ती निघाली, तेव्हा मला आठवलं.

"अग, पप्पा म्हणत होते, धनतेरसला वर पाऊस नसतो. दव असतं. आणि तो वाट पण दाखवतो म्हणे."

ती दारात थांबली. "पप्पांनी वाचलं?"

"मी वाचून दाखवलं, त्यांनी ऐकलं. आजीच्या हातावरच्या त्या दोन रेघा त्यांनी लगेच ओळखल्या."

ती परत आत आली, माझ्या टेबलावरचं पेन उचललं, आणि उभ्या उभ्याच डाव्या मनगटावर लिहिलं, 'पाऊस नाही, दव', आणि त्याच्या खाली 'वाट'. फुंकर मारून शाई वाळवली, पेन जागेवर ठेवलं आणि गेली.