आमची वाटचाल: मुक्त कोड आणि आमचं बिल

आमची पीडीएफ तयार करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) सुरू झाली तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. अक्षरमांडणी सगळी त्याची. हार्फबझ आणि फ्रीटाइप या अक्षरं जुळवणाऱ्या आणि रेखाटणाऱ्या मुक्त लायब्ररींच्या खांद्यावर उभं राहून त्याने जोडाक्षरं, पानतोड, तक्त्यांच्या रेघा एकेक करून बसवल्या. मेमरीची गळती शोधणाऱ्या व्हॅलग्राइंडमध्ये एक बाइट जरी गळताना दिसला तरी तो कोड मर्ज करू, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळू, देत नसे. परवाना एमआयटी, म्हणजे कोड कुणीही घ्यावा, बदलावा, विकावा. त्यावर पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही.

पैसे कुठून येणार, असं विचारलं की भागीदार म्हणायचा, मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या स्टॉलमन यांनी १९८५ साली इमॅक्स या एडिटरच्या टेपा १५० डॉलरला विकल्याच ना! विकल्या, पण तेव्हा अनेकांकडे इंटरनेट नव्हतं, म्हणून टेपला गिऱ्हाईक होतं. आमची लायब्ररी तर एका कमांडीत उतरायची.

पहिले पैसे दिले ते बिलं छापून देणाऱ्या एका कंपनीच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या बाईंनी. त्यांनी लिहिलं होतं, "कोड फुकट आहे हे मला माहीत आहे. महिनाअखेरीला बिलं अडली तर फोन कोण उचलणार, त्याचे पैसे सांगा." ती ओळ मी छापून टेबलासमोर लावली. बाईंचा करार आजही चालू आहे. काही वर्षं त्यांचा एकही फोन येत नाही, तरी पैसे वेळेवर येतात.

पुढची सहा वर्षं बरी गेली.

मग एका मोठ्या क्लाउड कंपनीने आमची लायब्ररी उचलली, वर एपीआय (इतर प्रोग्रॅमना ती वापरता यावी असं दार) चढवला आणि सेवा म्हणून विकायला काढली. बेकायदा काहीच नाही. एमआयटीची अट एवढीच, की कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. त्यांनी ठेवला, कुणी कधी उघडत नाही अशा एका पानावर. वर्षभरात आमचे निम्मे करार तिकडे गेले. पण दुखलं ते वेगळंच. त्यांचे इंजिनियर आमच्याच इश्यू ट्रॅकरवर (चुका नोंदवायच्या पानावर) येऊन 'प्रॉडक्शन अडलंय, तातडीचं' असं लिहायचे, आणि आम्ही जागून दुरुस्त करायचो! फाँट सबसेटिंगमधली (फाँटातली लागतील तेवढीच अक्षरं पीडीएफमध्ये घालण्यातली) एक चूक भागीदाराने पहाटेपर्यंत गिट बायसेक्ट करून, म्हणजे जुने बदल निम्मे-निम्मे तपासत, पकडली. सकाळी त्यांनी ग्राहकांना कळवलं, 'आम्ही अडचण दूर केली आहे.' आम्ही!

दोन महिन्यांच्या पगारापुरते पैसे उरले. देणगीचं बटण लावून पाहिलं, त्यातून सर्व्हरचं भाडंही सुटेना. (२०१४ साली हार्टब्लीड ही सुरक्षेतली मोठी चूक सापडल्यावर जगाला कळलं, की ती जिच्यात होती त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या मुक्त लायब्ररीला वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणग्या मिळत होत्या. तिथे आम्हाला कोण विचारतो?)

डेटाबेस बनवणाऱ्या मोंगोडीबीने २०१८ मध्ये आणि सर्च इंजिन बनवणाऱ्या इलास्टिकने २०२१ मध्ये परवाने बदलले ते याच दुखण्यापायी, पण त्यांचे ते नवे परवाने मुक्त धरले गेले नाहीत. आम्ही एजीपीएल हा मुक्त परवाना घेतला: बदल करून नेटवर्कवरून सेवा देत असाल, तर बदललेला सोर्स वापरणाऱ्यांना द्या. ते नको असेल तर आमच्याकडून व्यावसायिक परवाना विकत घ्या. बाहेरून पॅच (कोडमधले बदल) पाठवणाऱ्यांचा कोडही असा विकता यावा म्हणून त्यांच्याकडून करारावर सही हवी होती, आणि तिथेच भडका उडाला. बरेच जुने लोक गेले. भागीदारही गेला. त्याचं म्हणणं, इतरांना नसलेला हक्क आपण स्वतःकडे ठेवतोय. शेवटच्या भांडणात त्याने विचारलं, "हार्फबझला आपण आजवर किती दिले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आमचा एक माणूस दर महिन्याला काही दिवस फक्त हार्फबझ आणि फ्रीटाइपकडे दुरुस्त्या पाठवायचं काम करतो. भागीदाराला हे कळवलं होतं.

नव्यांना सांगतो, कराराची मदत आणि फुकटची मदत यांच्या रांगा पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. 'तातडीचं' लिहिणाऱ्याच्या इमेलचं डोमेन आधी बघा. आणि परवाना निवडायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ द्या.

व्यावसायिक परवान्यावर आता नऊ जणांचे पगार निघतात. एमआयटीखाली एकदा दिलेलं मात्र परत घेता येत नाही, त्यामुळे आमची शेवटची एमआयटी आवृत्ती ती क्लाउड कंपनी आजही चालवते. ओळ तुटते तिथे रफार गायब होण्याची एक जुनी चूक आम्ही गेल्या वर्षी नव्या आवृत्तीत काढली. त्यांच्याकडे ती अजून आहे. मी अधूनमधून त्यांच्या सेवेतून एक पीडीएफ काढून बघतो.