'आपण' म्हणजे नेमके कोण?

पंचवटीतील मराठी माध्यमाच्या शाळेत अकरा वर्षे 'बाई' म्हणून काढल्यानंतर गेल्या जूनमध्ये मी त्र्यंबक रस्त्यावरील एका आंतरराष्ट्रीय शाळेत मराठी शिकवण्यासाठी रुजू झाले आणि पहिल्याच तासाला 'मॅम' झाले. ही जागा निघाली ती कायद्यामुळे, हे लपवण्यात अर्थ नाही. २०२० साली राज्याने सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने तिची सुरुवात झाली, आणि ज्यांच्या वेळापत्रकात मराठीला कधी एक चौकोनही मिळाला नव्हता अशा शाळांनाही शिक्षक शोधावे लागले.

सहावीच्या वर्गात बावीस मुले होती. हजेरी घेताना प्रत्येकाला घरची भाषा विचारली, तेव्हा एका खोलीत अर्धा देश बसला आहे हे लक्षात आले. देवळालीला तोफखान्यात बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यांची पंजाबी आणि मल्याळी मुले, ओझरच्या विमान कारखान्यातील अभियंत्याची तमिळ मुलगी, अंबडला कारखाना असलेल्या कुटुंबातील गुजराती मुलगा, एक बंगाली मुलगी, हिंदी बोलणारी पाचसहा मुले आणि वडिलांच्या कंपनीच्या कामासाठी सातपूरला आलेला एक जर्मन मुलगा. सटाण्याकडचा एक मुलगा आधी "मराठी" म्हणाला आणि मग खाली बघत पुटपुटला, "आजी अहिराणी बोलते." ते त्याने एखादी चूक कबूल करावी तशा आवाजात सांगितले, याचे मला वाईट वाटले.

मी तक्ते आणि एका छोट्या गोष्टीच्या प्रती घेऊन गेले होते. प्रती वाटून झाल्यावर म्हटले, "आता आपण ही गोष्ट वाचू." त्याबरोबर पहिल्या बाकावरचा हिंदी भाषक मुलगा ताडकन उभा राहिला आणि अडखळत मोठ्याने वाचू लागला. मी त्याला थांबवले आणि "अरे, बस, आपण वाचायचे आहे" असे समजावले, तर तो अधिकच वेगाने वाचू लागला. शेवटी तो रडवेला होऊन म्हणाला, "मॅम, आपने ही तो कहा!" त्याच्या कानाला 'आपण' हे 'आप' वाटले होते. आपणही एखाद्या पाहुण्याला "आपण बसावे" असे म्हणतोच, त्यामुळे त्याचे अगदीच चुकले असेही म्हणता येत नव्हते.

इतकी वर्षे मी आत्मवाचक सर्वनामांत 'आपण' मुलांकडून घोकून घेतले होते, पण 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कधी कोणाला समजावून सांगावा लागला नव्हता, कारण पंचवटीतील मुले तो घरूनच घेऊन येत. इथे इंग्रजीचा आधार घ्यायला गेले, तर दोन्हींना 'वी' हा एकच शब्द हाती लागला आणि मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले.

तेवढ्यात तमिळ मुलीने हात वर केला. ऐकणाराही त्यात येतो की नाही, एवढेच तिला विचारायचे होते. मी हो म्हणताच ती म्हणाली, मग आमच्याकडेही दोन आहेत, 'नाम्' आणि 'नांगळ्'. लगेच मल्याळी मुलाने 'नम्मळ्' आणि 'ञङ्ङळ्' सांगितले. गुजराती मुलाला तर प्रश्नच पडला नव्हता. 'आपणे' आणि 'अमे' हे त्याचे रोजचेच शब्द. मी फळ्यावर दोन रकाने आखले. हिंदीचे 'हम', पंजाबीचे 'असीं' आणि बंगालीचे 'आमरा' दोन्ही रकान्यांत पसरून लिहावे लागले. जर्मन मुलाने आपला 'वीर' दिला, तेव्हा एवढा अशक्त वीर कोणी पाहिला नसेल अशा थाटात वर्ग हसला, आणि का हसले हे कळल्यावर तोही हसला.

त्या तक्त्यात मी 'तमिळ' लिहिले, तर ती मुलगी अत्यंत नम्रपणे म्हणाली की हा 'ळ' तो नव्हे. 'नांगळ्'मधला ळ तुमच्यासारखाच, पण भाषेच्या नावातला वेगळा. त्यासाठी जीभ आणखी मागे वळवायची आणि टाळूला टेकू द्यायची नाही. देवनागरीत त्यासाठी ऴ असे टिंबाचे अक्षर आहे हे मला पुस्तकातून ठाऊक होते, पण जिभेला ते ठाऊक नव्हते. तिने माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतले आणि तिसऱ्यांदाही नापसंतीने मान हलवली. थोड्या वेळापूर्वी ज्यांचे 'सकाल' मी 'सकाळ' करून घेत होते, त्या बाकांवर यामुळे जो आनंद पसरला तो वर्णन करण्यासारखा नाही.

गोष्टीच्या प्रती तशाच राहिल्या. मी मुलांना घरच्या भाषेतील दोन वाक्ये लिहून आणायला सांगितली, एक 'आपण'चे आणि एक 'आम्ही'चे, आणि सटाण्याच्या मुलाला आवर्जून सांगितले की त्याने ती आजीला विचारून आणावीत.

तास संपल्यावर पहिल्या बाकावरचा तो मुलगा दाराशी थांबला. "मॅम, उद्या आपण वाचणार ना?" असे त्याने विचारले. मी हो म्हटले खरे, पण त्याच्या 'आपण'मध्ये सगळा वर्ग होता की मी एकटीच, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.