व्हॉल्व्ह ड्रिल: सराव-नोंद, टप्पा दुसरा (६ मीटर)

स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या टाक्यांचे व्हॉल्व्ह पाण्याखाली स्वतःच्या हाताने बंद-उघड करायचा हा सराव, गळती लागली तर ती बाजू तोडता यावी म्हणून. सेटअप पहिल्या टप्प्यातलाच आहे. १२ लिटरच्या दोन टाक्यांचा ट्विनसेट आणि आयसोलेटरवाला मॅनिफोल्ड, म्हणजे दोन्ही टाक्या जोडणारी नळी आणि तिच्या मधोमध त्या वेगळ्या करणारा व्हॉल्व्ह. उजव्या पोस्टवर (उजव्या टाकीच्या व्हॉल्व्हवर) २ मीटरच्या लाँग होजचा म्हणजे लांब नळीचा मुख्य रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) आणि विंगचा (पाठीवरच्या हवेच्या पिशवीचा) इन्फ्लेटर. डाव्या पोस्टवर गळ्यातल्या बंजीतला (लवचिक दोरीतला) बॅकअप रेग्युलेटर, प्रेशर गेज आणि ड्रायसूटची (आत पाणी न येणाऱ्या सूटची) नळी. उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसून केलेला सराव मागे पडला. आता तळाला न टेकता, आडवं तरंगत.

या टप्प्यापासून सेकंद मोजणं बंद केलं आहे. घड्याळ लावलं की हात धावतात आणि श्वास अडकतो. छाती भरलेली राहिली की शरीर वर सरकतं, मग विंगमधली हवा सोडायची धांदल, आणि नॉब राहतो बाजूला. त्याऐवजी डाइव्ह कॉम्प्युटरवरचा खोलीचा आलेख तपासायचा. ड्रिल चालू असताना रेषा अर्ध्या मीटरपेक्षा जास्त खालीवर झाली, तर हातांचं काम कितीही चोख झालेलं असो, ते ड्रिल धरायचं नाही.

क्रम असा. आधी बॅकअपचं हवा सोडायचं बटण दाबून तो चालतोय याची खात्री. मग मुख्य रेग्युलेटरमधून श्वास घेत घेत उजवी पोस्ट पूर्ण बंद. ओढ जड होऊ लागली की बॅकअप तोंडात घ्यायचा. अगदी शेवटचा थेंब चोखत बसायची गरज नाही. मुख्य रेग्युलेटर उजव्या डी-रिंगला (पट्ट्यावरच्या कडीला) अडकवायचा, उजवी पोस्ट पुन्हा पूर्ण उघडायची, बटण दाबून पाहायचं, परत मुख्यवर यायचं. मग आयसोलेटर बंद, आयसोलेटर उघडा. शेवटी डावी पोस्ट बंद करून बॅकअप रिकामा होईपर्यंत बटण दाबायचं. गेजचा काटा शून्यावर बसला की बरोबर नॉब बंद केला होता हे कळतं. उघडल्यावर काटा परत वर यायला हवा. सगळ्यात शेवटी तिन्ही नॉबवर एकदा हात फिरवून फ्लो चेक, म्हणजे सगळे पूर्ण उघडे आहेत ना ते पाहणं.

हे वाचायला सोपं आहे. नॉब दिसत नाहीत, आणि दोन्ही बाजूंच्या फिरवण्याच्या दिशा उलट आहेत, घोळ तिथे होतो. नॉबची पाठीकडची कड डोक्याच्या दिशेने सरकली की उजवी पोस्ट बंद होते. डावी मात्र तीच कड पायांकडे गेली की बंद होते. म्हणूनच गुहेच्या किंवा बुडालेल्या जहाजाच्या छताखालून पुढे जाताना डावा नॉब छताला घासला तर तो हळूहळू बंद होत जातो. त्या वेळी मुख्य रेग्युलेटर व्यवस्थित चालू असतो, त्यामुळे काहीच जाणवत नाही. बॅकअपची गरज पडते तेव्हाच तो मेलेला सापडतो. अशा जागेतून बाहेर आलं की लगेच फ्लो चेक.

उजवी पोस्ट बंद असताना विंगमध्ये यंत्राने हवा भरता येत नाही, हेही विसरायला होतं. खाली जायला लागलं तर इन्फ्लेटर तोंडाने फुंकायचा, नाहीतर ड्रायसूटमध्ये थोडी हवा घ्यायची.

आयसोलेटरची नोंद वेगळी, कारण त्याची चूक सगळ्यात शांतपणे अंगावर येते. ड्रिल संपलं आणि तो बंदच राहिला, तर गेज फक्त डाव्या टाकीचा दाब दाखवतो आणि श्वास उजवीतून चालू राहतो. हिशोब करा: ३० मीटरवर दाब ४ बार. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथे ८० लिटर लागतात. उजव्या टाकीत २०० बारला २४०० लिटर, म्हणजे अर्धा तास. तो संपेपर्यंत काटा २०० वरच. आयसोलेटर उघडा असता तर पहिल्या दहा मिनिटांतच काटा साधारण ३३ बार उतरला असता. न हलणारा काटा पाहून खूश व्हायचं नाही, आधी आयसोलेटर चाचपायचा. टाक्या भरताना तो बंद राहिला तरी हीच गोष्ट. गॅसची तपासणीही मग एकाच टाकीची होते.

हात पोचत नसेल तर खांद्याला दोष देण्याआधी टाक्यांची उंची बघा. बँड सोडून टाक्या दोन-तीन सेंटीमीटर वर घेतल्या की बऱ्याचदा प्रश्न मिटतो. दोन पायांमधला पट्टा फार आवळलेला असेल तर तो थोडा ढिला करा. पाण्यात तातडीने करायचं तर दुसरा हात मागे नेऊन टाकीच्या बुडाला वर ढकलायचं, आणि कोपर बाहेर न फाकवता डोक्याजवळून पुढे काढायचं. मान मागे टाकली की डोकं मॅनिफोल्डला भिडतं आणि उरलीसुरली जागाही जाते.

खऱ्या गळतीत आधी आयसोलेटर की आधी उजवी पोस्ट, यावर प्रशिक्षण पद्धतींमध्ये मतभेद आहेत. पहिल्यात निम्मा गॅस लगेच सुरक्षित होतो. दुसऱ्यात पोस्ट बरोबर निघाली तर सगळाच वाचतो. वाद घालायला मजा येते, पण पाण्याखाली एका टीममध्ये दोन क्रम नकोत.

गॅस शेअरिंगचं, म्हणजे बडीला (जोडीदाराला) आपला रेग्युलेटर द्यायचं, ड्रिल बरं चाललंय. एकच चूक परत परत होते: व्हॉल्व्ह ड्रिलनंतर टॉर्चची वायर लाँग होजवरून जाते, आणि रेग्युलेटर पुढे करताना होज अर्ध्यातच अडतो. टॉर्च डाव्या हातात, वायर होजच्या खालून, हे प्रत्येक ड्रिलनंतर डोळ्यांनी बघायचं. रेग्युलेटरची क्लिप होजला दोरीनेच बांधायची. क्लिप अडकली तर दोरी कापता येते, धातूची कडी येत नाही.

पुढचं सत्र: हेच सगळं मास्क काढून. काटा दिसणार नाही, म्हणून डावी पोस्ट बंद झाल्याची खात्री बॅकअपच्या बटणावर आणि बडीने दंडावर दिलेल्या थापेवर. खोलीच्या रेषेची मर्यादा तात्पुरती एक मीटर.