सातच्या ऐवजी पाच

दिवाळीच्या आवराआवरीत आज नौपाड्याच्या घरातल्या माळ्यावरून जुना ४८६ कॉम्प्युटर खाली काढला. बायको म्हणाली, "रविवारी भंगारवाला येतोय, तोवर काय खेळायचं ते खेळून घे."

मदरबोर्डवरची बॅटरी कधीच मेलेली. तारीख १९८०! हार्ड डिस्कची माहिती हातानं भरली आणि चक्क डॉस (तेव्हाची ऑपरेटिंग सिस्टिम) उठलं. भाची शेजारी येऊन बसली. गेम लावला, तर आतला माणूस अर्धा शब्द बोलून गप्प.

"मामा, स्पीकर गेला का?"

नाही गं. आवाजाचा पहिला तुकडा डीएमएनं, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता, मेमरीतून साउंड कार्डाकडे नेला, कार्डानं वाजवला आणि "पुढचा द्या" म्हणून इंटरप्ट दिला, म्हणजे प्रोसेसरला हाक मारली. पण गेम कान लावून बसलेला भलत्याच दारावर! मशीन सुरू होताना वाचली जाते त्या ऑटोएक्झेक डॉट बॅट फाइलमध्ये ओळ होती: सेट ब्लास्टर=ए२२० आय७ डी१. आय७ म्हणजे इंटरप्ट नंबर ७. आणि कार्डावरचा जम्पर (हा नंबर ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) ५ वर. मग आठवलं. ७ नंबर प्रिंटर पोर्टाचाही असतो, म्हणून मीच कधीतरी तोंडात टॉर्च धरून तो जम्पर हलवला होता. फाइल बदलायची राहिली ती राहिलीच.



सातचा पाच केला, मशीन पुन्हा चालू केलं. पूर्ण वाक्य आलं, खरखरीत, आठ बिटांचं.

भाची म्हणाली, "एवढंच बोलतो?"

भंगारवाल्याला नको सांगितलंय. बायकोला अजून सांगायचंय.