पावसाआधी काढायच्या फ्लॉप्या

मे महिना लागला की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात दोन कामं एकदम निघतात. सासूबाई पुरुमेंताची तयारी करतात, म्हणजे मिरच्या, सोलं, चिंच उन्हात घालून डब्यांत भरतात. मी आतल्या खोलीत जमवलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या फ्लॉप्या आणि सीड्या तपासायला घेते. दोन्ही कामांना मुदत एकच: पहिला पाऊस. एकदा जून लागला की हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाऊन बसते आणि फ्लॉपीवर बुरशी धरायला वेळ लागत नाही.

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. सुटीत आणि रविवारी जुने कॉम्प्युटर गेम्स जतन करण्याच्या कामात हातभार लावते. डिस्कची इमेज, म्हणजे आतल्या डेटाची जशीच्या तशी प्रत, काढायची, लेबलांचे आणि खोक्यांचे फोटो घ्यायचे, नोंदी करून पाठवायच्या. पैसे मिळत नाहीत, मागतही नाही. जगभर हे काम अशाच लोकांच्या जिवावर चाललंय. डॉस या विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचे गेम्स आजच्या मशीनवर चालवणारं डॉसबॉक्स २००२ साली आलं, तेही असंच मोकळ्या वेळात लिहिलेलं. मोबीगेम्स या वेबसाइटवर १९९९ पासून लोक गेम्सची माहिती आणि कव्हरं भरतायत.

"टीचर, हे सगळं नेटवर मिळतंच ना?" असं मला नेहमी विचारतात. पुष्कळ मिळतं, खरंय. इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहाने २०१५ च्या सुरुवातीला डॉसचे दोन हजारांहून जास्त गेम्स थेट ब्राउझरमध्ये खेळता येतील असे ठेवले. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेली पाहणी सांगते की अमेरिकेत २०१० च्या आधी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर विकतच मिळत नाहीत. जे टिकलंय ते कुणीतरी घरी बसून टिकवलंय म्हणून.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'चंच बघा. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या क्लासमध्ये त्या राजपुत्राला काट्यांवर मारलंय. जॉर्डन मेकनरने तो ॲपल टू या कॉम्प्युटरवर लिहिला, १९८९ मध्ये बाजारात आला. त्याचा मूळ सोर्स कोड, म्हणजे मेकनरने लिहिलेला प्रोग्राम, मात्र हरवला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉप्या सापडल्या आणि जुन्या मशीनची माहिती असलेल्या लोकांनी जपून त्यातला मजकूर उतरवला. इतका गाजलेला गेम, आणि त्याचा मूळ कोड वीसेक वर्षं एका खोक्याच्या भरवशावर!

आता आपल्याकडचं सांगते, कारण माझा जीव त्यात अडकलाय. साखळी गावात नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या एका काकांनी मला बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. "घेऊन जा टीचर, घरात कुणाला नको आहेत." आत सव्वापाच इंची फ्लॉप्या होत्या, ३६० केबीच्या. लेबलांवर बॉलपेनने गेम्सची नावं लिहिलेली: 'डेव्ह + पॅरा', 'डिगर', 'प्रिन्स, व्हायरस नाही'. सगळ्या कॉपी केलेल्या, विकत घेतलेलं एकही नाही. डब्याच्या तळाशी एक शंभर पानी वही होती. क्लासच्या फीच्या हिशेबामागे कुणीतरी प्रिन्स सुरू करण्याच्या कमांड लिहिल्या होत्या. त्यातली एक होती 'प्रिन्स इम्प्रूव्ह्ड'.

ती ओळ वाचून मी खुर्चीतून उठलेच. डॉसवरच्या पहिल्या आवृत्तीत चीट, म्हणजे खेळ सोपा करणारी चोरवाट, चालू करायला 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करावं लागायचं. १.३ आणि १.४ मध्ये तो शब्द बदलून 'इम्प्रूव्ह्ड' झाला. म्हणजे साखळीच्या त्या क्लासमध्ये कुठली आवृत्ती पोचली होती हे वहीने सांगितलं, फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालायच्या आधीच. गेमची फाइल जगात हजार ठिकाणी सुखरूप आहे. ती आपल्या गावात कुणाच्या हातून आली, मुलांनी ती कशी खेळली, याची नोंद फक्त त्या वहीत आणि त्या लेबलांवर आहे. कॉपी केलेल्या फ्लॉप्या म्हणजे कचरा, असं जतन करणाऱ्यांतलेही काही जण मानतात. मला ते पटत नाही. गोव्यातल्या बहुतेक मुलांना गेम भेटला तो याच वाटेने.

फ्लॉपी हातात आली की आधी ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हा माझा पक्का नियम. सव्वापाच इंचीचं मधलं भोक बोटाने हलकेच फिरवायचं आणि लांबट खिडकीतून दिसणारी तपकिरी चकती उजेडात तिरकी धरून बघायची. बुरशी असेल तर पांढुरके ठिपके दिसतात, कधी गोल कडी उमटलेली असते. तशीच आत सारली तर ड्राइव्हचं हेड घाण होतं, चकती खरवडली जाते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लागते. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन थोडं थोडं फिरवत पुसायचं. फारच खराब असेल तर वरचं आवरण एका कडेने कापून चकती बाहेर काढायची, साबणाचा थेंब घातलेल्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, सावलीत वाळवायची आणि दुसऱ्या स्वच्छ आवरणात घालायची. मग ड्राइव्हला ग्रीझवीझल नावाचं छोटं बोर्ड जोडून वाचायची. हे बोर्ड फाइली बघत नाही, चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपतं, म्हणून कॉपी प्रोटेक्शनच्या, म्हणजे नक्कल होऊ नये म्हणून केलेल्या, खुबीही हाती लागतात. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ७२० सेक्टर, म्हणजे डेटाचे कप्पे, असतात. पडद्यावर सगळे हिरवे झाले की मला अजूनही पहिल्यासारखाच आनंद होतो. एखादा अडला तर हेड पुसून पुन्हा वाचायचा. अडलेला सेक्टर कधी तिसऱ्या वाचनाला येतो, कधी कायमचा गेलेला असतो.

सीड्यांचं काम सोपं, पण डोळ्यांना ताण देणारं. मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत पट्टीवर बारीक आकडे कोरलेले असतात, ते भिंगाखाली वाचून उतरवायचे. भारतात छापलेल्या सीडीवरचे आकडे परदेशी सीडीपेक्षा वेगळे असतात आणि आतला डेटाही दर वेळी तोच असेल असं नाही. डिस्कच्या नोंदी ठेवणाऱ्या रीडम्प या वेबसाइटच्या पद्धतीत दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या प्रतींवरून काढलेल्या इमेजचे चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेले ओळखीचे आकडे, जुळले की नोंद पक्की धरतात. म्हणून भारतातल्या प्रतीची दुसरी जोडी मिळणं फार मोलाचं असतं.

कायद्याचं भान मी ठेवते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप प्रत काढायला मुभा आहे, पण ती सगळ्यांना वाटायला नाही. त्यामुळे माझ्याकडून बाहेर जातात ते फोटो, चेकसम आणि नोंदी. इमेज घरीच, दोन वेगळ्या डिस्कवर.

एका शाळेने मध्यंतरी लॅब नवी केली तेव्हा जुने कॉम्प्युटर, फ्लॉप्यांच्या पेट्यांसकट, भंगारवाल्याच्या टेंपोत घातले. मला दोन दिवसांनी कळलं. राग आला, अजूनही येतो. एक फोन पुरला असता.

म्हणून ही विनंती. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत अकरावी-बारावीच्या मुलांना मिळालेले कॉम्प्युटर अजून कितीतरी घरांच्या माळ्यावर पडून आहेत. ते 'चालतात का बघू' म्हणून एकदम सुरू करू नका, आतली ओल आणि धूळ शॉर्ट करते. हार्ड डिस्क कुणा जाणत्याकडून काढून घ्या. त्यात घरचे फोटो, अर्ज असे खासगी कागदही निघतात. माझ्याकडे आलात तर ते सगळं तुम्हाला वेगळं काढून परत मिळेल. फ्लॉप्यांची लेबलं सोलू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका. मासिकांबरोबर आलेल्या डेमोच्या सीड्याही द्या, किमतीच्या स्टिकरसकट. आणि सोबत एका चिठ्ठीवर लिहा: कुणाकडून आलं, साधारण कुठल्या साली, कुठला गेम कोण खेळायचं. नक्की आठवत नसेल तर 'म्हापशाला बाजाराच्या दिवशी घेतलं, दादा खेळायचा' एवढंही चालेल.